डबा, झाकण आणि पाच रकाने

सोमवार, २ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या वहीत निरीक्षण लिहायचं, मत नाही. अडतीस वर्षं मी हा नियम पाळला आणि दुसऱ्यांकडून पाळून घेतला. मत कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून ही वही. इथे खाडाखोड चालेल.

आज मुंडाऱ्याच्या वणव्याचे नमुने आले. एकोणीस डबे. २३ जानेवारीला, इथल्या ऐन उन्हाळ्यात, त्रेचाळीस अंश तापमान होतं आणि उत्तरेचा वारा. दुपारी दोनला टेकडीवर विजेची तार तुटून पहिली आग लागली. त्यात कोणाचा दोष नाही. पण तासाभराने पूर्वेला दोन किलोमीटरवर, ओढ्याच्या तोंडाशी दुसरी आग लागली. वारा फिरला, ती ओढ्यात शिरली आणि मिस ओल्डफील्ड स्वयंपाकघरात जळून गेल्या. वय चौऱ्याऐंशी. मला आणि डेसला त्यांनी दोन खोल्यांच्या शाळेत लिहायला शिकवलं. पोलिसांचा कुत्रा त्या दुसऱ्या आगीच्या जागी तीन ठिकाणी बसला, म्हणजे कोणीतरी तिथे तेल ओतलं होतं.

गुरुवारी अंत्ययात्रेला गेले होते. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत डेस होता. उजव्या हाताला बँडेज, म्हणून डाव्या बाजूने.

डेस माझा धाकटा भाऊ आणि मुंडाऱ्याच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा कप्तान. हे मी प्रमुखांना लेखी कळवलं. ते हसले. "ग्वेंडा, या राज्यात दलात भाऊ नसलेला माणूस शोधून आण, त्याला देतो केस." माझा कागद फाइलला लावला. विषय संपला.

डबे नीट बंद केलेले होते. दर नोव्हेंबरमध्ये मी मुंडाऱ्याच्या दलाला व्याख्यान देते, पोलीस पोचेपर्यंत पुरावा वाया जाऊ नये म्हणून. रंगाचा नवा कोरा डबा घ्यायचा. प्लास्टिकची पिशवी नाही, वाफ निघून जाते. झाकणाची कड चारही बाजूंनी हातोडीने ठोकायची. चिठ्ठीवर पाच रकाने: काय, कुठून, केव्हा, कोणी गोळा केलं, कोणाकडे सोपवायचं. पाचव्या रकान्यात हे लोक हमखास घोळ घालतात. एकाने 'लाल केसांचा पोलीस' लिहिलं होतं, दुसऱ्याने 'बॉबचा मेहुणा'. तिथे पदनाम लिहायचं, हे मी दर वर्षी सांगते. डेस पहिल्या रांगेत बसून जांभया देतो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तिन्ही जागी पेट्रोल आणि डिझेल, साधारण एकास तीन. इतर सोळा डब्यांत काही नाही.

पोलिसांनी कॅल नित्श्के याला धरलं आहे. वय एकतीस, झाडं तोडायची कामं करतो, आईजवळ राहतो. सोळाव्या वर्षी शाळेची खेळाच्या सामानाची खोली जाळली होती. त्या दुपारी तीनच्या सुमारास तो त्याच रस्त्यावर दिसला. गाडीत करवतीच्या पेट्रोलचा एक कॅन आणि डिझेलचा एक. बुटांवर दोन्हीचे अंश.

तपास अधिकारी रॉसिटर यांचा फोन आला. "मग, जुळतं का?"

"सुसंगत आहे."

"म्हणजे जुळतं."

"म्हणजे सुसंगत आहे, मिस्टर रॉसिटर. शब्द जसा लिहिलाय तसा वाचा."

"बरं बाई. सुसंगत," ते म्हणाले. मागे कोणीतरी हसलं.

अहवालावर दुसरी सही थुईची. थुई त्रान माझ्याबरोबर सोळा वर्षं आहे. कमी बोलते, हात स्वच्छ. सही करण्याआधी तिने दोन गोष्टी काढल्या. पहिली, आलेखात एक लहानसं शिखर आहे, सात कार्बनच्या अल्डिहाइडचं. मी म्हटलं, जळक्या पाल्यातून येतं. दुसरी, एकास तीन हे प्रमाण दलाच्या मशालीचंही असतं. मशाल म्हणजे दांडीचा डबा आणि वाकडी नळी. माणूस चालत जातो आणि जळतं तेल ठिबकत जातं. वणव्याच्या वाटेवरचं गवत आधीच जाळून टाकायला दल ती वापरतं.

मी म्हटलं, "दलाने त्या दिवशी समोरून आग लावलीच नाही. नोंदवही मी स्वतः पाहिली. डेसचं अक्षर आहे."

"मग ठीक," थुई म्हणाली आणि सही केली.

डेस खोटं लिहीत नाही. लहानपणी खिडकीची काच फोडली की वडील घरी यायच्या आधी हा फाटकावर उभा असायचा, कबुली द्यायला.

रविवार, ८ फेब्रुवारी

मुंडाऱ्याला डेसकडे जेवायला. रस्त्याच्या दोन्ही बाजू काळ्या, पण गमट्रीच्या, म्हणजे इथल्या निलगिरीच्या, बुंध्यांवर आत्ताच पालवी आली आहे. त्याच्या बायकोने, फेने, मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी केल्या होत्या. डेसने अर्धी खाल्ली आणि बाकीच्या अर्धीवर टोमॅटो सॉस ओतत बसला.

"सॉसमध्ये पेस्टी शोधतोयस का?" मी म्हटलं.

"तू शोध. तुझं कामच ते."

जेवणानंतर तो मला शेडमध्ये घेऊन गेला. वडिलांची मोटरसायकल बाहेर काढली होती. वडील मातीच्या गोल ट्रॅकवर शर्यती मारायचे ती. लाथा मारून मारून त्याने ती सुरू केली आणि धूर आला. एरंडेलाचा धूर. त्या इंजिनाला पेट्रोलात एरंडेल मिसळावं लागतं, आणि जळताना त्याला गोडसर वास येतो, दुसऱ्या कशालाही नाही तसा. मी सात वर्षांची झाले. कुंपणाला लोंबकळणारी, तोंडात धूळ, आणि वडील वळणावर तिरके.

मी म्हटलं, "ही तर वडील गेल्यापासून बंद होती ना?"

"ख्रिसमसला चालू केली. नातवंडांसाठी." इंजिन बंद करून त्याने टाकी एका कॅनमध्ये रिकामी केली. "हे तेल ठेवता येत नाही, गोंद होतो. उरलेलं मशालीच्या कॅनमध्ये ओततो मी. ख्रिसमसचंही तिथेच गेलं." माझ्याकडे बघत राहिला. "कळलं का ग्वेन?"

"कळायचंय काय त्यात? वाया घालवू नये, बरोबरच आहे."

"हो," तो म्हणाला. "तेच."

शेड मात्र आवरलेलं आहे, त्याच्या मानाने. मोटरसायकलच्या वरच्या फळीवर रंगाचा नवा डबा, चिठ्ठी भिंतीकडे. मी विचारलं, काय रंगवतोयस? म्हणाला, अजून काही नाही. फेला पंचवीस वर्षं सांगून त्याने व्हरांडा रंगवलेला नाही.

हाताचं बँडेज सुटलंय. तळहात गुलाबी, चकचकीत. मिस ओल्डफील्डच्या दाराच्या मुठीने भाजला म्हणे. म्हणजे तो दारापर्यंत पोचला होता. हे मला आजवर सांगितलं नव्हतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

नित्श्केला जामीन नाकारला. न्यायाधीशांनी माझ्या अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं. बातमीत 'तेल जुळलं' असं आलं. पेपरला पत्र लिहिलं. छापणार नाहीत.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

गाडी लावून उतरले तर फाटकाशी एक बाई उभी. रुंद, उन्हाने रापलेली, हातात टोपी. एल्के नित्श्के, कॅलची आई.

"तुम्ही पॅस्को ना? डेसची बहीण."

मी म्हटलं, केसबद्दल मी बोलू शकत नाही.

"मी बोलते, तुम्ही ऐका. तुम्ही लिहिलंत म्हणे की तेल जुळतं."

"सुसंगत आहे असं लिहिलंय. जुळतं असं नाही."

"फरक काय?"

मी सांगितला. पेट्रोल आणि डिझेल हजारो गाड्यांत असतं, त्याच्याकडेही होतं, एवढाच त्याचा अर्थ. तिने शांतपणे ऐकलं.

"मग हे कोर्टात का नाही सांगितलंत?"

"अहवालात आहे. चौथ्या पानावर."

"चौथ्या पानावर," ती म्हणाली. "आत त्याला भाजणारा म्हणतात, बाई. म्हातारीला भाजणारा. त्याने जेवण सोडलंय. ताटात लोक थुंकतात." मग टोपी डोक्यावर घातली. "त्या दिवशी तो तिच्याचकडे चालला होता. मिस ओल्डफील्डला बाहेर काढायला. दलाने रस्ता अडवला म्हणून परत फिरला. तुमच्या भावाला विचारा. त्यानेच अडवलं."

पुढाऱ्यासारखं भाषण न करता निघून गेली. मी दहा मिनिटं गाडीत बसले. मग आत जाऊन चौथं पान वाचलं. वाक्य बरोबर आहे. अगदी खाली आहे.

सोमवार, ९ मार्च

थुईने न विचारता जुना आलेख पुन्हा काढला. माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक ओढ्याच्या तोंडाच्या मातीचा, दुसरा पन्नास मीटरवरच्या, तेवढ्याच जळलेल्या मातीचा.

"पाला दोन्हीकडे सारखाच जळलाय," ती म्हणाली. "सात कार्बनचं शिखर एकीकडेच आहे. पाल्यातून आलं असतं तर दोन्हीकडे हवं."

तिचं बरोबर आहे. फेब्रुवारीत मी हे पाहायला हवं होतं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

उरलेल्या मातीतून जड तेल वेगळं काढायचं ठरलं. वाफेच्या पद्धतीत ते दिसतच नाही.

गुरुवार, १२ मार्च

एरंडेल.

शंका नाही. एरंडाच्या बीत जे आम्ल असतं ते दुसऱ्या कुठल्या तेलात एवढं नसतं, आणि जळताना ते मधोमध तुटतं. सात कार्बनचा तुकडा एकीकडे, अकराचा दुसरीकडे. अकराचाही सापडला.

नित्श्केच्या दोन्ही कॅनमध्ये एरंडेल नाही. बुटांवर नाही. करवतीत साधं खनिज तेल. म्हणजे ते तेल त्याचं नव्हतं.

एरंडेल आणखी कुठे असतं: औषधं, साबण, काही रंग, जुन्या गाड्यांच्या ब्रेकचं तेल, वंगणं. काही इंजिनांतही.

थुईने विचारलं, "आजच कळवायचं?"

"कोरा नमुना पुन्हा चालवल्याशिवाय नाही." आमच्याकडे प्रत्येक तपासणीआधी काहीच नसलेला डबा चालवतात. त्यात काही निघालं तर दोष आपल्या भांड्यांचा. हे मीच इथे रुजवलं. "एखाद्या डब्यालाच तेल लागलेलं असेल."

"चालवलाय ना. स्वच्छ आला."

"पुन्हा चालव."

शुक्रवार, १३ मार्च

कोरा नमुना स्वच्छ. मातीत एरंडेल.

हात धुतले की साबणाला वास येतो. साबण बदलला.

रविवार, १५ मार्च

जायचं नव्हतं, तरी गेले. न गेले असते तर फेने फोन केला असता.

गाडी फाटकात वळली तेव्हाच वास आला. मोटरसायकल सुरू होती. फे दारात उभी. "तिसरा रविवार," ती म्हणाली. "तू येणार असलीस की काढतो. एरवी तिच्याकडे बघत नाही." मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना छंद लागतात. फेने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिचा राग आला.

जेवताना डेसने काटा खाली ठेवला.

"तुझं यंत्र काय म्हणतंय, ग्वेन?"

"केसबद्दल मी बोलत नाही. तुला माहीत आहे."

"मी विचारत नाहीये. मी सांगतोय."

"सांगू नकोस."

"त्या दिवशी दोन वाजून पन्नास मिनिटांनी मी—"

"डेस. तू काही सांगितलंस तर मला ते लिहून द्यावं लागेल."

"मग दे ना लिहून."

"मी तज्ज्ञ साक्षीदार आहे. मी जबाब घेत नाही. जबाब घ्यायला पोलीस आहेत."

"पोलीस," तो म्हणाला. "ते पोरगं मला कप्तान म्हणतं, सलाम ठोकतं. पाचदा गेलो ठाण्यावर. पाचदा कॉफी पिऊन आलो." त्याचा गुलाबी हात टेबलावर होता, उताणा. "तुझ्यापुढे तरी जमेल असं वाटलं होतं. तुला कोणी फसवू शकत नाही ना."

फे ताटं उचलायला लागली. पेस्टी कोणी खाल्ल्या नव्हत्या.

मी चहा न घेता निघाले. नियमाप्रमाणेच वागले. दुसरं काही करता आलं नसतं. वळणावर गाडी थांबवून उतरले, काळं कुंपण धरून उभी राहिले.

मंगळवार, १७ मार्च

तिसऱ्यांदा चालवलं. मातीत एरंडेल.

तेलाची बाटली कुठूनही आलेली असू शकते. गावात जुन्या मोटरसायकली आणखी असतील. मी निदान एक ओळखते. हॅरिस्टन रस्त्यावर एकाकडे होती. नंतर आठवलं, तो माणूस गेला त्याला नऊ वर्षं झाली आणि गाडी त्याच्या मुलाने भंगारात विकली.

बुधवार, १८ मार्च

सिडनीहून शुद्ध एरंडेलाचा नवा प्रमाण नमुना मागवला. दहा दिवस लागतील. थुई दार लावून माझ्यासमोर बसली. सोळा वर्षांत तिने दार लावलं नव्हतं.

"आपल्याकडचा प्रमाण नमुना चांगला आहे. मुदत पुढच्या वर्षीपर्यंत आहे. तीनदा आलंय, ग्वेंडा. चौथ्यांदा कशाला?"

"प्रक्रिया म्हणून."

"कुठली? मला दाखव. कितव्या पानावर आहे?"

मी म्हटलं, मी ती लिहिली आहे, मला पान विचारू नकोस.

"ठीक. मग माणूस म्हणून विचारते. तिथे एक माणूस आत आहे. कोणासाठी थांबलीयस?"

"अचूकतेसाठी."

ती उठली. "माझा बाप निर्वासित म्हणून बोटीतून आला तेव्हा त्याचा कागद एका साहेबाने अकरा महिने टेबलावर ठेवला होता," ती म्हणाली. "तोही अचूक माणूस होता." दार उघडं टाकून गेली.

थुईचं काम उत्तम आहे, पण ती भावनेच्या आहारी जाते. हे वाक्य मी खोडत होते. राहू दे. कोणत्या मूर्ख बाईने लिहिलं ते दिसू दे.

गुरुवार, १९ मार्च

नित्श्केवर तुरुंगात हल्ला झाला. सकाळी, न्याहारीच्या रांगेत. उकळतं पाणी आणि साखर. साखर घातली की ते कातडीला चिकटून राहतं. डावा डोळा गेला. उजव्याचं सांगता येत नाही.

रॉसिटर यांनी फोनवर सांगितलं. आवाज थकलेला होता. "खटला मात्र चालेल, मिस पॅस्को. तुमचा पुरावा भक्कम आहे."

बारा तारखेला मला कळलं होतं. आज एकोणीस. सात दिवस. बारा तारखेलाच कळवलं असतं तर सोमवारपर्यंत तो घरी असता. तीन दिवस आधी.

वाटलं, बाकावरचे सगळे डबे फोडावेत. फोडले नाहीत. बाक पुसला. मग परत पुसला. मिस ओल्डफील्ड म्हणायच्या, पाटी पुसून झाली की चूक गेली असं समजू नका, खडू तुमच्या बाहीवर असतो. आज दिवसभर बाही बघत होते.

शुक्रवार, २० मार्च

सकाळी आठला सुधारित अहवाल दिला. एरंडेल पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत. नित्श्केच्या कोणत्याही वस्तूतून हे तेल आलेलं नाही. 'सुसंगत' हा शब्द कुठेही नाही.

त्याला वेगळा कागद जोडला. माझा भाऊ डेस्मंड पॅस्को एरंडेल मिसळलेलं पेट्रोल वापरतो. उरलेलं पेट्रोल दलाच्या मशालीच्या कॅनमध्ये ओततो असं त्याने मला ८ फेब्रुवारीला सांगितलं. १५ मार्चला तो घटनेच्या दिवसाबद्दल सांगू लागला आणि मी त्याला थांबवलं. १२ ते १९ मार्च मी निष्कर्ष रोखून ठेवला. त्याला तांत्रिक कारण नव्हतं.

प्रमुखांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. म्हणाले, "हे इतकं उघड लिहायची गरज आहे का? 'पुनर्तपासणी चालू होती' म्हणता येईल."

"म्हणता येईल," मी म्हटलं. "म्हणूनच लिहिलंय."

ओळखपत्र आणि किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. थुईने दुसरी सही केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुपारी काही खा."

डेसला फोन केला नाही. आधी कळवणं म्हणजे पुराव्यात हात घालणं. फोन समोर ठेवून संध्याकाळपर्यंत बसले. तो सत्तावीस वेळा वाजल्यासारखा वाटला. एकदाच वाजला, तोही चुकीचा नंबर.

रविवार, २२ मार्च

पोलीस काल सकाळी मुंडाऱ्याला गेले. फेने आज फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, त्याने पोलिसांना चहा विचारला. मग सगळं एका दमात सांगितलं. पहिली आग टेकडी उतरून ओढ्याकडे येईल असं त्याला वाटलं. वरून परवानगी मागायला वेळ नव्हता. मिस ओल्डफील्डचं घर वाचवायला त्याने मशालीने समोरचं गवत पेटवलं. चार मिनिटांनी वारा फिरला. कॅल नित्श्के गाडी घेऊन आला तेव्हा डेसने त्याला मागे पाठवलं, कारण आत जाणारा दुसरा माणूस मेला असता. मग तो स्वतः आत गेला. मूठ तापलेली होती. दार उघडलं नाही.

"त्याच संध्याकाळी तो दलाच्या वहीसमोर बसला होता," फे म्हणाली. "आजूबाजूला सगळे त्याची पाठ थोपटत होते. त्याला खरं लिहिता आलं नाही, ग्वेंडा. मग जितके दिवस गेले तितकं अवघड."

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"मी त्याचे कपडे धुते," ती म्हणाली. आणि मग, "त्याला वाटलं होतं तू पहिल्याच रविवारी वासावरून ओळखशील. घरी आल्यावर म्हणाला, ओळखलं नाही. पुढच्या वेळी जास्त वेळ चालू ठेवतो."

फेला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं नाही. मोटरसायकल फार दिवस बंद ठेवली तर एरंडेलाने नळ्या तुंबतात. ती चालवावीच लागते.

सोमवार, २३ मार्च

रुग्णालयात गेले. एल्के नित्श्केने मला आत जाऊ दिलं नाही. दाराच्या काचेतून पांढरं बँडेज दिसलं, फक्त तोंड मोकळं. उजवा डोळा वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आरोप उद्या मागे घेतील.

"सांगा त्याला," मी म्हटलं. "की मी—"

"पहिल्या पानावर लिहिलंत म्हणे या वेळी," एल्के म्हणाली. "वाचून दाखवीन. त्याला आता वाचता येत नाही."

मंगळवार, २४ मार्च

रॉसिटर घरी आले. दारात टोपी काढली आणि आत यायचं टाळलं.

शेडमधून त्यांनी मशाल, कॅन आणि मोटरसायकल नेली. त्याशिवाय फळीवरचा रंगाचा डबा. त्यात डेसचा उजवा हातमोजा आहे, २३ जानेवारीचा, तेलाने भिजलेला. त्याने तो दुसऱ्या दिवशीच बंद केला होता. फेब्रुवारीत मी गेले तेव्हा तो माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर होता.

"आमच्या माणसांना इतका नीट डबा बंद करता येत नाही," रॉसिटर म्हणाले. "तुम्हाला बघायचा असेल म्हणून फोटो आणलाय. तपासणी अर्थात थुई त्रान करतील."

फोटो घेतला. नवा डबा, आतून कोरा असणार. झाकणाची कड चारही बाजूंनी ठोकलेली, एकही ठिकाण सुटलेलं नाही. चिठ्ठी त्याच्या अक्षरात, दाबून लिहिलेली, तो डाव्या हाताने लिहीत होता तेव्हाची.

काय: हातमोजा, उजवा.
कुठून: ओल्डफील्ड ओढा, तोंडाशी.
केव्हा: २३ जानेवारी, दुपारी २.५०.
कोणी गोळा केलं: डे. पॅस्को.
कोणाकडे सोपवायचं: माझी बहीण.

पाचव्या रकान्यात पदनाम लिहायचं असतं, नातं नाही. मी दर वर्षी सांगत आले.